ज्वालामुखीच्या बातमीत दगडही येऊ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात पहिल्या पानावर हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीचे मोठे रंगीत छायाचित्र आले. छायाचित्र सुरेख होते, त्याबद्दल तक्रार नाही. खालचा मजकूर मात्र चार ओळींचा, आणि त्यात 'आगीचे लोळ', 'धुराचे लोट' आणि 'पर्यटकांची झुंबड' यापलीकडे काही नाही. त्याच कुंडाच्या काठावर उभी राहून मी हा उद्रेक पाहिला आहे. त्याआधी नोकरीची सगळी वर्षे ओतकामाच्या कारखान्यात, धातुपरीक्षण विभागात काढली. भट्टीतल्या रसाचा नमुना घ्यायचा, तो थिजला की कापायचा, घासून चकचकीत करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हे माझे काम. त्यामुळे उद्रेक पाहतानाही माझे अर्धे लक्ष लाव्हाच्या कारंज्याकडे आणि अर्धे खाली पडून थिजणाऱ्या मालाकडे होते. हे दुसरे अर्धे तुमच्या बातमीत नव्हते, म्हणून पत्राचा खटाटोप. लांबले तर कात्री लावा, पण शेवटची मागणी तेवढी कापू नका.

मजकुरातल्या शब्दांचे आधी उरकते. तिथे काही जळत नसते. लाव्हा म्हणजे वितळलेला खडक. तो पेटत नाही, तापल्यामुळे उजळतो. ज्वाळा दिसतात त्या वाटेत आलेल्या झाडांच्या, डांबराच्या, घरांच्या. २०१८ साली याच ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर लेलानी इस्टेट्स या वसाहतीत रस्त्याच्या भेगांतून निळ्या ज्वाळा निघाल्या होत्या, त्यासुद्धा लाव्हाखाली गाडल्या गेलेल्या झाडपाल्यातून सुटलेल्या मिथेनच्या. आणि तो 'धूर' म्हणजे बहुतांशी पाण्याची वाफ, सोबत कार्बन डाय-ऑक्साइड आणि सल्फर डाय-ऑक्साइड. हा शेवटचा घशाला लगेच कळतो. दम्याच्या माणसाने वाऱ्याची दिशा विचारल्याशिवाय तिकडे फिरकू नये.

सध्याचा उद्रेक २३ डिसेंबर २०२४ रोजी हालेमाउमाउ या विवरात सुरू झाला. तो सलग चालत नाही. काही तास, कधी दिवसभराहून जास्त, कारंजे उडते आणि एकाएकी बंद पडते. बाहेर आलेल्या लाव्हाचा काही भाग त्याच तोंडातून परत आत उतरतो. मग काही दिवस शांतता. तेवढ्यात खालून वायूने भरलेला ताजा शिलारस वर चढत असतो, जमीन सूतभर फुगते, आणि उतार मोजणारी उपकरणे ती फूग नोंदवतात. त्या नोंदीवरून तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेतले शास्त्रज्ञ पुढचे कारंजे साधारण कधी उडेल ते सांगतात. ही वेधशाळा थॉमस जॅगर यांनी १९१२ साली स्थापन केली, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदी हाताशी आहेत. आतापर्यंत तीसहून अधिक वेळा कारंजी उडाली, आणि त्यांतली काही ३०० मीटरच्या वर गेली.

माझी भाची मला तिथे घेऊन गेली. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटर उंची, रात्रीची वेळ, अंगाला झोंबणारा पाऊस. ज्वालामुखी बघायला निघालेली माणसे लोकरीचे कपडे घ्यायला हमखास विसरतात, हे काठावर कुडकुडणाऱ्या मंडळींकडे बघून कळले. कारंजे समोर होते, पण भाचीची थोडी निराशा झाली. म्हणाली, "मावशी, हे इतकं संथ का दिसतंय?" मी तिला म्हटले, एक गोळा हेर आणि तो टोकावरून सुटला की मनात आकडे मोज. ३०० मीटरवरून सुटलेल्या वस्तूला खाली यायला आठेक सेकंद लागतात. जवळची वस्तू आठ सेकंद पडताना आपण कधी बघत नाही, म्हणून डोळा फसतो. आकडे मोजून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मोबाइलमधल्या चित्रफितीत नेमकी हीच गोष्ट हरवते, कारण पाहणारा ती वेग वाढवून पाहतो किंवा पंधरा सेकंदांत पुढे सरकतो.

माझे डोळे रंगावर होते. भट्टीवर काम केलेल्या माणसाला रंगावरून तापमानाचा अंदाज बांधायची खोड लागते. कारंज्याच्या बुडाशी पिवळट नारिंगी, वर जाता जाता नारिंगी, मग लाल, आणि कडेने उडालेले बारीक तुकडे जमिनीला टेकण्याआधीच काळे. किलाउएआचा लाव्हा तोंडाशी साधारण ११५० अंश सेल्सिअस असतो. आम्ही बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतत असू ते साडेतेराशे-चौदाशे अंशांच्या घरात, म्हणजे त्याहून गरम. तरी फरक निव्वळ तापमानाचा नाही. वितळलेले बीड जवळजवळ पाण्याइतके पातळ असते, साच्याच्या बारीकशा कोपऱ्यातही शिरते. हा लाव्हा पाण्याच्या हजारो पट दाट. तरीही लाव्हांमध्ये तो पातळच गणला जातो! जगातले बाकीचे लाव्हा किती घट्ट असतात, याची कल्पना मला तिथे प्रथम आली. पुढचे सगळे या घट्टपणावर बेतलेले आहे.

सकाळी गाडीच्या काचेवर सोनेरी केस पडलेले. हे 'पेलेचे केस'. पेले ही हवाईच्या लोकांची ज्वालामुखीची देवता. कारंज्यातले थेंब वाऱ्यात ताणले जातात आणि काचेचे तंतू होतात, तेच हे केस. त्यांवर वायपर फिरवला की काचेवर चरे उठलेच. डोळ्यात गेले तर चोळायचे नाही. त्या बेटावर पुष्कळ घरे छपरावरचे पावसाचे पाणी साठवून वापरतात, त्यांना या केसांचा मोठा ताप. तंतूच्या टोकाचा थेंब तुटून वेगळा थिजला की काळा चकचकीत मणी होतो, त्याला पेलेचे अश्रू म्हणतात.

तिथेच रस्त्याकडेला आणखी एक चीज पडलेली होती, आणि तिच्यापाशी मी गुडघे दुखेपर्यंत बसले. रेटिक्युलाइट. लाव्हात मिसळलेला वायू एकाएकी सुटतो, सगळा रस फेसाळतो, आणि बुडबुड्यांच्या भिंती फुटून मागे उरतात त्या फक्त त्यांच्या कडा. दगडाच्या आकारमानापैकी ९८ टक्क्यांपर्यंत जागा रिकामी असू शकते. बोटाने दाबला तर चुरा होतो. आमच्याकडे ओतीव कामात वायूची एक पोकळी सापडली तरी तो नग बाद होई आणि कुणाला तरी जाब द्यावा लागे. इथे सगळा दगडच पोकळीचा. गंमत अशी, की इतका हलका असूनही तो पाण्यात बुडतो. भिंती फुटलेल्या असल्यामुळे पाणी आरपार शिरते. पमीस हा ज्वालामुखीचाच दुसरा फेसाळ दगड, तो तरंगतो, कारण त्याचे पुष्कळ बुडबुडे बंद असतात आणि हवा आत कोंडलेली राहते. दोघांनाही आपल्याकडे सरसकट 'ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड' म्हणून मोकळे होतात.

आता वाहत्या लाव्हाबद्दल. तो थिजल्यावर मुख्यतः दोन रूपांत दिसतो आणि दोन्हींची हवाईयन नावे जगभरच्या भूशास्त्रात रूढ झाली आहेत: पाहोएहोए आणि आआ. १९६९ ते १९७४ या काळात माउना उलु इथून निघालेले प्रवाह ओलांडून राष्ट्रीय उद्यानातला रस्ता जातो. तिथे दोन्ही शेजारी शेजारी पाहता येतात. पाहोएहोए गुळगुळीत, लाटांचा, जागोजागी दोरीच्या पिळांसारख्या सुरकुत्या पडलेला. ताज्या पाहोएहोएवर रुपेरी काचेची पातळ साल असते आणि पायाखाली ती कुरकुरते. आआ म्हणजे वीटभट्टीतला खंगर: खडबडीत, टोकदार, सुटे ढेकूळ. त्यावर पडून तळहात टेकला तर कातडी सोलून निघते. हा ढिगारा फक्त वरवर असतो. आत घट्ट, तापलेला गाभा पुढे सरकत राहतो, वरची ढेकळे तोंडाशी गडगडतात आणि प्रवाह त्यांच्यावरूनच चालत जातो. त्यामुळे तोडून पाहिले तर खाली खंगर, वर खंगर आणि मध्ये सलग पाषाण.

दोन्हींचे रासायनिक पृथक्करण एकच येते. हे वाचून कुणाला नवल वाटेल, ओतकामातल्या माणसाला वाटत नाही. एकाच भट्टीतले बीड जाड भागात सावकाश थिजले तर करडे होते, सहज कातता येते. पातळ कडेला, थंड धातूला टेकून झटकन थिजले तर पांढरे, ठिसूळ, आणि इतके कठीण की कातायचे हत्यारच झिजते. कागदावरचा आकडा एक, सूक्ष्मदर्शकातले चित्र निराळे. लाव्हाचेही तसे. वाहता वाहता त्यातला वायू निघून जातो, तो निवतो, त्यात बारीक स्फटिक धरतात, घट्टपणा वाढतो. उतार तीव्र असेल किंवा मागून लोंढा जोरात आला, तर ती घट्ट झालेली साल ताण सोसत नाही, फाटते आणि पाहोएहोएचा आआ होतो. उलट सहसा होत नाही. एकदा फाटलेला रस पुन्हा गुळगुळीत वाहायला लागत नाही.

पाहोएहोएची आणखी एक खोड सांगते. त्याची जीभ पुढे येते तेव्हा घोट्याएवढी उंच असते. वरची साल थिजते, पण आत रस येतच राहतो आणि ती साल आतून उचलली जाते. काल ओलांडता येईल असे वाटलेले थर काही दिवसांत माणसाच्या डोक्याच्या वर गेलेले असतात. दगड उष्णता फार कंजूषपणे सोडतो, म्हणून साल धरली की आतला रस बोगद्यांतून कित्येक किलोमीटर वाहूनही फारसा निवत नाही. याचा सज्जड पुरावा म्हणजे शेजारचे किलाउएआ इकी हे विवर. १९५९ साली तिथे सुमारे ५८० मीटर उंचीचे कारंजे उडाले आणि शंभराहून अधिक मीटर खोलीचे लाव्हाचे तळे साठले. शास्त्रज्ञ त्यावर वर्षानुवर्षे छिद्रे पाडून आतला माल तपासत राहिले. संपूर्ण तळे घट्ट व्हायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. आता त्याच्या पाठीवरून पायवाट जाते. पाऊस पडला की भेगांतून अजून वाफ निघते.

एवढी दगडांची कहाणी कशाला, असे आपण म्हणाल. सांगते. कुठल्या ज्वालामुखीपाशी माणसाने उभे राहायचे आणि कुठून पळ काढायचा, हे बव्हंशी त्याच्या दगडावर ठरते, आणि बातमी लिहिणारे नेमके तेच सांगत नाहीत. लाव्हातली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) जितकी जास्त तितका तो घट्ट. किलाउएआच्या बेसाल्ट या काळ्या खडकामध्ये ती ५० टक्क्यांच्या आसपास असते. रस पातळ, म्हणून वायूला वाट मिळते, कारंजी उडतात, प्रवाह वाहतात. १९९० साली कालापाना हे गाव पाहोएहोएखाली गाडले गेले, पण इतक्या सावकाश, की तिथले रंगवलेल्या भिंतींचे लाकडी चर्च लोकांनी आधीच ट्रकवर चढवून दुसरीकडे नेले. घरे वाचवता आली नाहीत. माणसांना निघायला वेळ मिळाला.

जपानच्या उन्झेन ज्वालामुखीचा दगड डेसाइट, सिलिका ६५ टक्क्यांच्या आसपास. तिथे लाव्हा वाहत नाही, तोंडाशी घुमटासारखा साठतो आणि ढासळतो. ढासळला की तापलेला दगड, राख आणि वायू यांचा लोट उतारावरून सुटतो. ३ जून १९९१ रोजी अशा लोटात ४३ माणसे गेली. त्यांत आयुष्य ज्वालामुखींच्या चित्रीकरणात घालवलेले मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच दांपत्य होते, आणि अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ग्लिकन. अमेरिकेतला सेंट हेलेन्सही डेसाइटचा. १८ मे १९८० रोजी त्याची बाजू फुटली तेव्हा डेव्हिड जॉन्स्टन हे शास्त्रज्ञ सुमारे १० किलोमीटरवरच्या निरीक्षण ठाण्यावर होते आणि तेही वाचले नाहीत. मार्टिनीक बेटावरचा पेले पर्वत (देवतेशी याचा संबंध नाही) अँडेसाइटचा, म्हणजे सिलिका बेसाल्ट आणि डेसाइट यांच्या मधली. १९०२ साली त्याने सें-पिएर शहरातली सुमारे २८,००० माणसे काही मिनिटांत मारली. किलाउएआच्या काठावर थर्मासमधला चहा पीत बसलेली माणसे चित्रफितीत बघून कुणी अशा डोंगराकडे निघाला, तर त्याला अडवणारे वाक्य बातमीत हवे.

सिलिका कमी म्हणजे निर्धास्त, असेही समजू नये. काँगोमधल्या न्यिरागोंगोचा लाव्हा इतका पातळ, की १९७७ च्या जानेवारीत विवरातले तळे डोंगराच्या कुशीतल्या भेगांतून रिते झाले आणि खालच्या वस्त्यांतल्या माणसांना पळायलाही उसंत मिळाली नाही. टांझानियातला ओल्डोइन्यो लेंगाई तर सगळ्यांहून तऱ्हेवाईक. त्याच्या लाव्हात सिलिका जवळपास नाहीच, सगळे कार्बोनेट. तापमान पाच-सहाशे अंश, त्यामुळे दिवसा तो काळा चिखल वाटतो, आणि थिजून हवेतली ओल लागली की पांढरा पडतो. फोटोत लाल दिसत नाही म्हणून पेपरातही येत नाही, असा मला दाट संशय आहे.

आणि पाणी. ओतकामात ओल्या साच्याची जेवढी भीती, तेवढी दुसऱ्या कशाची नाही. रसाखाली पाणी अडकले की त्याची क्षणात वाफ होते आणि सगळे अंगावर उडते. लाव्हा समुद्राला मिळतो तिथे हेच मोठ्या प्रमाणावर चालू असते. १६ जुलै २०१८ रोजी हवाईच्या किनाऱ्यापाशी एका प्रवासी बोटीवर लाव्हाचा गोळा कोसळून २३ जण जखमी झाले. लाव्हा फुटून काळी वाळू होते ती याच ठिकाणी, आणि तिथली पांढरी वाफ हायड्रोक्लोरिक आम्लाची आणि काचेच्या कणांची असते. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी वाहता लाव्हा दिसतही नव्हता. खालच्या तापलेल्या पाण्याची एकदम वाफ होऊन स्फोट झाला. बेटावर ४७ माणसे होती, त्यांतली २२ गेली. लाल रंग नाही म्हणजे ज्वालामुखी निजलाय, ही समजूत छायाचित्रांनीच करून दिलेली आहे.

तर मागणी अशी. उद्रेकाची बातमी देताना खडकाचे नाव एका वाक्यात येऊ द्या: बेसाल्ट, अँडेसाइट, डेसाइट, जो असेल तो. त्याच्याबरोबर, तिथे प्रवाह वाहत आहेत, घुमट साठतो आहे की पाण्याचा स्फोट झाला, हेही लिहा. दोन्ही गोष्टी बहुधा त्या त्या वेधशाळांच्या पत्रकांत किंवा माहितीपानांवर सापडतात, शोधायला फार वेळ लागत नाही. आणि कारंज्याच्या पाच फोटोंपैकी एकाच्या जागी थिजलेल्या दगडाचा जवळून घेतलेला फोटो छापा, शेजारी मोजपट्टी ठेवलेला. तापलेल्या लाव्हात काठी खुपसणाऱ्या मंडळींच्या चित्रफिती आपल्या संकेतस्थळावर दिसतात, त्या काढल्यात तर फारच बरे. पातळ सालीखाली पोकळी असते आणि माणसाचे वजन ती पेलेलच असे नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली एक जुनी वाचक
(निवृत्त धातुपरीक्षक)

ता. क. : 'दगड आणलात का?' असे मला ओळखीच्या निम्म्या लोकांनी विचारले. नाही आणला. राष्ट्रीय उद्यानातून दगड, वाळू काहीही उचलणे कायद्याने बंद आहे. दगड नेला की पेलेचा कोप होतो अशी वदंता असल्यामुळे लोक नेलेले दगड टपालाने परत पाठवतात आणि उद्यानाच्या कचेरीत अशी पार्सले येत राहतात. पण कुठला दगड कुठल्या प्रवाहातून उचलला हे त्यावरून कळत नाही, त्यामुळे तो मूळ जागी परत ठेवता येत नाही. तेव्हा कुणी नेलेला असलाच तर निदान कुठे उचलला ते चिठ्ठीवर लिहून पाठवावे.